त्यायच्यात चालते

इंझोरीच्या रंगरावांना आसपासच्या खेड्यांतली निम्मी जनावरं ओळखत होती आणि उरलेली निम्मी त्यांना भीत नव्हती, एवढं तरी खरं. शेजारच्या गावातल्या गुरांच्या दवाखान्यात ते परिचर होते. परिचर म्हणजे दवाखान्याचं कुलूप उघडण्यापासून ते अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यापर्यंत, डॉक्टरला जे जे करावंसं वाटत नाही ते सगळं करणारा माणूस. अंगानं किडकिडीत, डोक्याला पांढरा रुमाल, आणि कोणी ‘रामराम’ म्हटलं तरी हे ‘दंडवत’च म्हणणार. त्यावरून गावातली टवाळ पोरं त्यांना ‘दंडवतबुवा’ म्हणायची. रंगरावांना त्याचा राग यायचा नाही. उलट आतून थोडं बरंच वाटायचं.

ते महानुभाव पंथाचे. तरुणपणीच उपदेश घेतलेला, म्हणजे गुरूपुढं बसून शब्द दिलेला: मांस-मद्य नाही, परमेश्वर सोडून दुसऱ्या कोणापुढं डोकं टेकायचं नाही आणि आपल्या हातानं जीव मारायचा नाही. घरी कस्तुराबाई त्यांच्याहूनही कडक. सरपण चुलीत घालायच्या आधी आपटून आपटून त्यातल्या मुंग्या झाडायच्या आणि पाणी गाळलेल्या फडक्यातले किडे विहिरीवर नेऊन परत सोडून यायच्या. त्या घरात ढेकूणसुद्धा म्हातारा होऊन मेला असेल.

आता गुरांच्या दवाखान्यातली नोकरी आणि जीव न मारण्याचं व्रत, हे दोन्ही जमायचं कसं? जमवून घेतलं की जमतं. गोऱ्ह्याचं खच्चीकरण असलं की रंगराव त्याच्या तोंडाकडं उभे राहून कानामागं खाजवायचे, मागचा चिमटा दुसरा कोणी दाबायचा. पिसाळलेल्या कुत्र्याला शेवटची सुई द्यायची वेळ आली की रंगरावांना नेमकी कपाटाची चावी सापडायची नाही. डॉक्टर येत गेले, जात गेले, पण सगळ्यांनी त्यांचं हे चालवून घेतलं. माणूस कामाचा होता, लोक त्याला मानत होते, आणि साहेबांनाही हाताखाली एखादा सज्जन असला की बरं वाटतं.

तो ‘दुसरा कोणी’ म्हणजे अलीकडच्या वर्षांत धम्मरत्न. दवाखान्याच्या गावातल्याच बौद्धवाड्यातला, तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. बोलायला कमी आणि हाताला चलाख. रंगराव पर्मनंट, धम्मरत्न कंत्राटी, त्याची नेमणूक अकरा महिन्यांनी नव्यानं व्हायची किंवा व्हायची नाही. दोघांचं पटायचं. डबा मात्र रंगराव वेगळा बसून खायचे, कारण ‘त्याच्या डब्यात काय असंन काय नाही, नेम नाही’ असं ते म्हणायचे. तो डबा त्यांनी कधी उघडून पाहिलेला नव्हता.

आणि मग दवाखान्याच्या गावालगतच्या तांड्याजवळ नवीन नावाच्या तरुणाच्या पोल्ट्रीत कोंबड्या मरायला लागल्या.

सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान टाकायची. नवीननं आधी ऊन लागलं असेल म्हणून पोती भिजवून टांगली, मग औषध आणलं, आणि शेवटी घाबरून दवाखान्यात आला. डॉक्टर सुचिता मॅडम वाशीमहून नव्यानंच आलेल्या. त्यांनी नमुने घेतले, पाठवले. अहवाल आला तो बर्ड फ्लूचाच. त्यामागोमाग हुकूम आला: पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आतली प्रत्येक कोंबडी, मग ती शेडमधली असो की अंगणातली, मारायची आणि पुरायची. अंडीसुद्धा ठेवायची नाहीत.

हुकूम वाचताना मॅडमचाच आवाज चिरका झाला होता. जिल्ह्यातून पथक येणार होतं, पण ते तोकडं. पुढच्या खेड्यांतही हाच गोंधळ चाललेला. तेव्हा दवाखान्यातल्या माणसांनाच हात लावावा लागणार होता. रंगराव खालमानेनं उभे राहिले आणि म्हणाले,

“मॅडम, हे माह्या हातून होनार नाही. मी उपदेश घेतला हाये. नोकरीवरून काढलं तरी चालंन.”

नोकरीवरून काढलं तरी चालेल, हे ते मनापासून बोलले होते, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मॅडम स्वभावानं भल्या. त्या म्हणाल्या, “काका, तुमच्या श्रद्धेवर मी जबरदस्ती करणार नाही. पण मग मारायला कोण? पथकात माणसं कमी आहेत.”

रंगरावांनी बाहेर पाहिलं. दारातून धम्मरत्न चुन्याच्या गोण्या उतरवताना दिसत होता. आणि इतकी वर्षं जे मनात धरून चालले होते ते, कुणाचा रागलोभ नसताना, त्यांच्या तोंडून निसटलं.

“धम्मरत्नले सांगा ना. त्याले काही वाटत नाही. त्यायच्यात चालते.”

मॅडमनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं. कोणाला पटलं नसतं? आपल्याकडं अशी वाक्यं हवेसारखी असतात, श्वास घेताना कोणी तपासून घेत नाही.

मॅडमनी वाटणी करून दिली. रंगरावांनी घरोघर फिरून कोंबड्या जमा करायच्या, कारण लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. धम्मरत्ननं पथकाबरोबर खड्ड्याशी उभं राहायचं. रंगरावांना वाटलं, सुटलो. परमेश्वरानं लाज राखली.

दुसऱ्या दिवशी ते तांड्यात शिरले. अंगात पांढरा प्लास्टिकचा पोशाख, तोंडाला मास्क, हातात बांबूचं खुराडं. तरीही लोकांनी त्यांना चालीवरून ओळखलं. हिरीबाई नावाची एक म्हातारी होती. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेली, आणि तिच्याजवळ पाच-सहा गावरान कोंबड्या. त्यातली एक खुडूक, अंड्यांवर बसलेली. हिरीबाईनं दाराला आडवा हात लावला.

“रंगरावभाऊ, खरं सांग. मारून तं नाही टाकनार?”

रंगरावांच्या व्रतात खोटं बोलणंही बसत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात शब्द तोलला आणि म्हणाले, “माह्या हातानं नाही मारनार, बाई.”

“मंग ने. दुसरा आला असता तं मी दारच उघडलं नसतं.”

आणि म्हातारीनं स्वतः वाकून खुडूक उचलली, तिच्या पोटाखालून अंडी काढली आणि तिला रंगरावांच्या हातात दिलं. त्यांनी फक्त खरं तेवढंच सांगितलं होतं. पण खऱ्याच्या आडून माणसाला असं फसवता येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. कळूनही ते पुढच्या घरी गेले. पुढच्या घरीही तेच बोलले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं की कोणी विचारायच्या आधीच ते म्हणायला लागले.

खुराडी भरून ते खड्ड्याशी न्यायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. जेसीबीनं खणलेला खड्डा, काठावर चुन्याचा ढीग. पाठ फिरवली तरी कान कुठं फिरवणार? फडफड, एक बारीक कट्ट असा आवाज, मग दुसरी फडफड. त्यात धम्मरत्नचा आवाज एकदाही आला नाही.

घरी जाण्याआधी त्यांनी विहिरीवर अंघोळ केली. कस्तुराबाईंनी दारातच विचारलं, “तुमच्या हातानं तं नाही ना झालं?”

“नाही.”

“मंग झालं,” म्हणून त्यांनी ताट वाढलं. रंगराव अर्ध्या भाकरीवरूनच उठले. त्यांना वाटलं, धम्मरत्नची विचारपूस तरी करून यावी. मोटारसायकल काढून ते परत गेले.

धम्मरत्न दवाखान्याच्या मागच्या नळावर हात धूत बसला होता. साबणाची वडी झिजून चकतीएवढी उरली होती. दिवस कधीच मावळला होता. रंगराव म्हणाले, “आज लय राबलास रे.”

धम्मरत्ननं वर पाहिलं नाही. त्यानं नळ बंद केला. मग तो म्हणाला, “काका, तुमी मॅडमले असं सांगतलं का, का त्यायच्यात चालते?”

रंगरावांनी डोक्याचा रुमाल काढून हातात धरला.

“मॅडमनंच सांगतलं मले. समजूत घालाले सांगतलं त्यायनं, वाईट मनानं नाही. काकाचं व्रत हाये, पन तुमच्यात चालते ना, म्हने.” त्यानं साबण खाली ठेवला. “कोनाले सांगू काका? पंचशीलातलं पयलं शील कोनतं हाये, माहीत हाये का तुमाले? जीव मारनार नाही, हेच. माह्या पोरी रोज सांजच्याले विहारात म्हनतात. मी लहानपनापासून म्हनत आलो. तुमी एका गुरूले शब्द देल्ला, मी रोज देतो.”

“मले काय माहीत, बापा,” रंगराव कसेबसे म्हणाले.

“तुमी विचारलं का कधी? एका खोलीत इतके वर्सं बसलो.” आता त्याचा आवाज चढला होता. “माह्या घरी कोंबडी शिजतच नाही, असं मी नाही म्हनत. कधी शिजते. पन माह्या हातानं मी आजपावतर कापली नाही. माह्या आज्याले गावानं मेलेले ढोरं ओढाले लावले. बाबासायबाचं आयकून त्यानं ते सोडलं, गावानं पानी बंद केलं तरी सोडलं. अन् त्याचा नातू आज सरकारी पगारात जिते मारून राह्यला.”

“तं तू नाही म्हनाचं होतं ना मॅडमले.”

हे बोलल्याबरोबर रंगरावांनाच आपली लाज वाटली. धम्मरत्न हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं.

“पर्मनंट मानसाले व्रत असते, काका. कंत्राटी मानसाले ऑर्डर असते. पुढच्या महिन्यात माही ऑर्डर संपते.”

रंगराव त्या रात्री झोपले नाहीत असं लिहायची पद्धत आहे. ते झोपले, थकले होते. पण पहाटे जागे झाले तेव्हा त्यांच्या मनानं ठरवून टाकलं होतं, आणि कस्तुराबाईंना न सांगताच ते घराबाहेर पडले. मॅडम खड्ड्याशी पथकाची वाट पाहत होत्या. रंगराव म्हणाले, “मॅडम, आज मी मारतो. धम्मरत्नले घरोघर पाठवा. मी परवा चुकीचं सांगतलं, त्यायच्यातही चालत नाही.”

मॅडमनी डोळे चोळले. “आणि तुमचं व्रत, काका?”

“ते मी पाहून घेईन.”

धम्मरत्न ऐकत होता. त्यानं हातमोजे काढून रंगरावांच्या पुढं ठेवले आणि खुराडं उचललं. गावातली घरं राहिली होती, तो तिकडं गेला.

नवीनच्या शेडमधल्या पांढऱ्या कोंबड्या आता खड्ड्याशी येऊ लागल्या. पथकातल्या एकानं रंगरावांना मान कशी धरायची आणि कशी ओढायची ते दाखवलं. पहिली कोंबडी त्यांच्या हातात आली तेव्हा हातमोज्यातूनही तिची ऊब लागली. ती जरासुद्धा तडफडली नाही. जनावरं त्यांना भीत नसत, ही त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि त्या कमाईनंच आता ती कोंबडी त्यांच्या हातात शांत बसली होती. त्यांनी परमेश्वराचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि नाव ओठांवर येईना. या कामाला त्याला कशाला बोलवायचं, असं वाटून त्यांनी तोंड मिटलं आणि हात फिरवला. मग दुसरी आली, मग तिसरी. पुढं पुढं हात आपोआप चालायला लागला, आणि त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

दुपार व्हायच्या आत धम्मरत्न परत आला. खुराडं रिकामं. मॅडमनी विचारलं, “काय झालं?”

“कोनी देत नाही. कालचा मारनारा आला म्हनून दारं लावून घेतात. एका घरी म्हने, अंगनात पाय नको ठेवू. कोंबड्या माळ्यावर लपवून ठेवल्या, आवाज येऊन राह्यला होता, तरी म्हने आमच्या इथं नाहीतच.” त्यानं खुराडं खाली ठेवलं. “म्हनतात, रंगरावभाऊले पाठवा. त्यायले देतो.”

रंगराव उठून उभे राहिले. हातातली कोंबडी अजून सोडली नव्हती. “मी जात नाही. मी इथंच—”

“काका,” मॅडम म्हणाल्या, आणि त्या बिचारीच्या डोळ्यांत आता खरोखर पाणी होतं, “एकेका घरात लपलेली एकेक कोंबडी सगळ्या तालुक्यात रोग नेईल. माणसाला झाला तर? लोक तुमचंच ऐकतात. तुम्हाला जावं लागेल. आणि इथं माणूस कमी पडून चालणार नाही.”

मॅडमचं चुकत नव्हतं. रोग खरा होता, हुकूम खरा होता, आणि प्रत्येकजण आपलं काम नीट करत होता. रंगरावांनी हातमोजे काढले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना, तेव्हा धम्मरत्ननंच पुढं होऊन ते त्यांच्या हातातून घेतले आणि घातले. रंगरावांनी आपलं व्रत मोडलं होतं ते त्याला सोडवण्यासाठी, आणि अर्ध्या दिवसात तो पुन्हा खड्ड्याशी उभा होता.

गावात पहिल्याच घरी एक माळीण अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, मंजू नावाची. रंगराव दारातच म्हणाले, “बाई, मी मारतो. आज सकाळी माह्या या हातानं मारल्या. तुले फसवत नाही.”

मंजू हसली. “काही बी बोलता भाऊ. तुमी अन् माराल? मुंगी तं मारवत नाही तुमच्यानं.” आणि माळ्यावरून दोन्ही कोंबड्या काढून तिनं त्यांच्याकडं दिल्या. रंगराव पुढच्या घरी खरं बोलले, त्याच्या पुढच्याही घरी बोलले. कोणाचाच विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत गावात एकही कोंबडी उरली नाही.

कस्तुराबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, फक्त भिंतीला टेकून बसल्या. देवपूजेला हात लावायचा नाही हे रंगरावांनी स्वतःच ठरवलं होतं, त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून ती बाईंनी एकटीनं केली.

पुढं काही आठवड्यांनी रंगराव आश्रमात गेले. ज्यांनी उपदेश दिला ते बाबा आता खूप थकले होते. रंगरावांनी कोंबड्यांचं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून प्रायश्चित्त सांगितलं, उपास आणि स्मरण. कडक होतं, पण करण्यासारखं होतं. मग रंगरावांनी ते वाक्य सांगितलं, मॅडमपुढं बोललेलं. बाबांनी विचारलं,

“आपल्या मार्गात जात पाहायची नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?”

“हो बाबा.”

“मग जीव मारण्याआधीच तुझं व्रत मोडलं होतं. कोंबड्यांचं प्रायश्चित्त माझ्याजवळ आहे. याचं नाही. ज्याच्याबद्दल बोललास, त्याच्याजवळ जा.”

म्हणून रंगराव बौद्धवाड्यात गेले, आयुष्यात पहिल्यांदा. धम्मरत्नची नेमणूक पुढं वाढलेली नव्हती. तो वाशीमच्या बाजारात हमालीला जायचा, त्या दिवशी घरी होता. ओट्यावर बसायला त्यानं सतरंजी टाकली. सांजेची वेळ होती. आतून दोन्ही मुली पांढरे कपडे घालून बाहेर आल्या. धाकटी म्हणाली, “बाबा, चला ना विहारात.”

“व्हा तुमी म्होरं.”

“रोज असंच म्हनता,” म्हणत त्या निघून गेल्या. मोठीनं एकदा वळून पाहिलं.

रंगरावांनी हात जोडले. बोलायचं घोकून आणलं होतं ते सगळं विसरले, आणि एवढंच म्हणाले, “मी लय वाईट बोललो, धम्मरत्न. मले माफ कर.”

धम्मरत्न गल्लीकडं पाहत होता. विहारातून मुलांचे आवाज यायला लागले होते, पंचशीलातले तेच शब्द एका सुरात. त्याचे ओठ हलले नाहीत. त्यानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि मग मांडीवर ठेवून दिले.

“माफी मागू नका, काका,” तो म्हणाला. “माफी माह्याजवळ असती तं पयले मीच नसती घेतली का?”

रंगरावांना उठता येईना. दोघंही अंधार पडेपर्यंत ओट्यावर तसेच बसून राहिले.